तक्रारपेटीचं समग्र पुनर्मूल्यांकन

नगरसभागृहात कार्यक्रम करायचा, तर आधी सांस्कृतिक परवाना कार्यालयाकडून तारे आणावे लागत. नियम साधा होता. जुन्या गटाचं आजवरचं सगळं काम नव्याने ऐकायचं, प्रत्येक अल्बमला पाचपैकी तारे द्यायचे आणि सरासरी बरी आली तर सभागृहाची परवानगी द्यायची. गायनमंडळं, वाद्यवृंद, इतकंच काय, शीळ वाजवणाऱ्यांची संघटनाही या वाटेने गेली होती आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

मग तक्रारपेटी आली.

तक्रारपेटी हा तिघांचा रॅप गट. पण अर्जाचा विषय 'तक्रारपेटीस सभागृह मिळण्याबाबत' असा असल्यामुळे तो आधी तक्रार विभागात गेला. तिथून उत्तर आलं की सदर पेटी जिन्याखाली सुस्थितीत असून तिला सभागृहाची आवश्यकता नाही. दुसऱ्या अर्जात गटाने 'आम्ही माणसं आहोत' असा खुलासा केला. त्याला पुरावा जोडावा लागला.

पुरावा असा होता: भोंगा, टाचणी आणि गोणी. भोंग्याचा आवाज मोठा, म्हणून तो गायचा; आता शाळेची बस चालवत होता. टाचणी गाणी लिहायची. आता त्याच शाळेत भूगोल शिकवत होती. गोणी ठेका बनवायचा. आता त्याचं गाद्यांचं दुकान होतं आणि दुपारी तो मालाची चाचणी स्वतः घ्यायचा. तिघांनी विशीत शहर दणाणून सोडलं होतं. आता गुडघे पुरते जायच्या आत एकदा शेवटचं जोरात गाऊन घ्यावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

काम अण्णांकडे आलं. अण्णा म्हणजे वरिष्ठ मूल्यांकन अधिकारी. त्यांनी आयुष्यात रॅप एकदाच ऐकला होता, तोही सिग्नलला शेजारच्या गाडीतून, आणि तत्काळ काच वर केली होती. पण अण्णा कामचुकार नव्हते. पाचही अल्बम त्यांनी घरी नेले, मुलीचे हेडफोन मागून घेतले आणि जेवणाच्या टेबलाशी बसले.

"अहो, कान दुखतोय का?" बायकोने विचारलं.

"ऑफिसचं काम आहे."

"मग मान कशाला हलतेय?"

अण्णांनी मान थांबवली. ती पुन्हा सुरू झाली.

पहिला अल्बम 'कान धरा'. तो भोंग्याच्या घरच्या न्हाणीघरात ध्वनिमुद्रित झाला होता आणि मागे सतत नळ ठिबकत होता. अण्णांनी 'अनधिकृत आवाज' म्हणून एक तारा कापला. गोणीने दुसऱ्या दिवशी येऊन समजावलं, "अहो साहेब, तो नळ म्हणजेच ठेका आहे. बाकी सगळं त्याच्यावर बसवलंय." म्हणजे नळ हा चौथा कलावंत ठरला. मग चौथ्या कलावंताचं संमतीपत्र लागलं. शेवटी घरमालकाने नळाच्या वतीने सही दिली, मात्र नळ गळत असल्याचं आपल्याला ठाऊक नव्हतं, असंही तिथेच लिहून दिलं.

दुसरा अल्बम 'लाईट गेली'. ध्वनिमुद्रण चालू असताना खरोखरच लाईट गेली होती, त्यामुळे अर्ध्याच्या पुढे सगळं शांत होतं. अण्णांना हा अल्बम फार आवडला. 'भाषा संयत, आक्षेपार्ह शब्दांचा उत्तरोत्तर पूर्ण अभाव,' असा शेरा मारून त्यांनी साडेचार तारे दिले.

तिसरा अल्बम लावला आणि अण्णांच्या हातातला चहा तसाच राहिला. अल्बमचं नाव 'साहेब जेवायला गेलेत'. त्यात त्याच नावाचं गाणं होतं.

"खिडकी चार, बाहेर हजार,
आत एक पंखा, साहेब पसार!
कुठे गेले साहेब? जेवायला गेले.
आज गेले काय? कालचेच गेले!"

वीस वर्षांपूर्वी याच कार्यालयात खिडकी क्रमांक चारवर अण्णा बसत. नावांच्या दुरुस्तीपासून जन्माच्या दाखल्यापर्यंत सगळे अर्ज त्याच खिडकीवर येत. पंखाही एकच होता आणि तो फक्त आतल्या बाजूला वारा देई. अण्णांनी गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकलं, मग पुन्हा. मुलगी मागे येऊन उभी राहिली. तिने एक हेडफोन आपल्या कानाला लावला आणि किंचाळलीच.

"बाबा! हे तुम्ही आहात?"

"तसं सिद्ध झालेलं नाही," अण्णा म्हणाले.

त्या रात्री ते फारसे जेवले नाहीत. जेवायला बसणंच त्यांना कसंतरी वाटू लागलं होतं. पण सकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, आमच्या अख्ख्या कॉलेजला हे गाणं पाठ आहे. मी मैत्रिणींना सांगितलं, त्यांचा विश्वासच बसेना. एकदा भेटायला येऊ का म्हणतायत." त्या दिवशी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि कार्यालयात पोहोचताच तिसऱ्या अल्बमला पाचपैकी पाच तारे दिले. कारण लिहिलं: 'वस्तुस्थितीचे अचूक चित्रण. विशेषतः मुख्य पात्र जिवंत उतरले आहे.'

ही टिपणी अधीक्षकबाईंकडे गेली. त्यांनी अण्णांना बोलावलं.

"अण्णा, मुख्य पात्र म्हणजे कोण?"

अण्णांनी खाली बघितलं. "आता आपल्या तोंडाने काय सांगायचं, मॅडम."

"तुम्ही? त्या वर्षी सहा महिने तुम्ही रजेवर होतात. खिडकी चार माझ्याकडे होती." अधीक्षकबाईंचा आवाज जरा हलला. "जेवायला मी जायचे."

"गाण्यात 'साहेब' आहे, मॅडम."

"मला तेव्हाही सगळे साहेबच म्हणायचे."

बातमी बाहेर फुटायला वेळ लागला नाही. निवृत्त हेडक्लार्क काठी टेकत आले आणि म्हणाले, जेवायला जाण्याची पद्धतच मुळात त्यांनी सुरू केली, त्याआधी लोक डबा जागेवरच खात. शिपाई म्हणाला, साहेब जेवायला गेल्यावर खिडकीशी कोण असायचं? मीच. म्हणजे लोकांनी बघितलं ते मला. हिशेब विभागातल्या दोघांनी तर जेवणाचे जुने डबे पुरावा म्हणून आणून टेबलावर मांडले. ज्या गाण्यावर एकेकाळी बंदी घालावी म्हणून हेच सगळे सही करायला रांगेत होते, त्या गाण्यातला नालायक माणूस आपणच, हे सिद्ध करायला आता कार्यालयात जेवणाची सुट्टी पुरेना.

चौकशी नेमावी लागली. तक्रारपेटीला साक्षीला बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला सगळे दावेदार नीटनेटके बसले होते, दुसऱ्या बाजूला ते तिघे.

अधीक्षकबाईंनी विचारलं, "हे गाणं तुम्ही नेमकं कुणाला बघून लिहिलं? घाबरू नका. कुणावर कारवाई होणार नाही. उलट..."

टाचणीने एकेक चेहरा नीट बघितला. शिपायाने कॉलर सारखी केली.

"कुणालाच नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"माझ्या आईच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. ते दुरुस्त करायला ती इथे यायची. रोज. घरी आली की साहेब जेवायला कसे गेले याची नक्कल करून दाखवायची, आणि आम्ही हसून हसून लोळायचो. त्याचं गाणं झालं. पण साहेब कसे दिसतात ते तिने कधीच सांगितलं नाही. खिडकी कायम बंद असायची."

निवृत्त हेडक्लार्क उठले, काठी घेतली आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेले. दोघांनी आपापले डबे उचलले.

ते अण्णांच्या मनाला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्यावर कुणी गाणं केलं होतं, आणि त्यात आपण नव्हतो. टाचणी बाहेर पडत होती तेव्हा ते व्हरांड्यात तिच्यामागे गेले.

"बाई, ते आईंचं नाव... दुरुस्त झालं का मग?"

"नाही हो. सगळ्या कागदांवर तेच बसलंय. शेजारीही आता त्याच नावाने हाक मारतात. तिलाच आपलं खरं नाव ऐकलं की दचकायला होतं."

"अर्ज घेऊन या," अण्णा म्हणाले. "मी करून देतो. मी स्वतः."

टाचणीला हे खरं वाटलं नाही, पण तिने मान डोलावली.

चौथ्या आणि पाचव्या अल्बमचं काम उरलं होतं. चौथ्याचं नाव 'आम्ही बदललो', पाचव्याचं 'आम्ही तेच आहोत'. चौथ्यात गटाने समजूतदारपणे सगळ्यांची बाजू मांडली होती, नगरपालिकेचीसुद्धा. पाचव्यात मधे एक मिनिट गोणीच्या दुकानातल्या गाद्यांची माहिती होती, ठेक्यावर.

"या दोघांना एकेक ताराही देऊ नका," टाचणीने स्वतःच सांगितलं. "आम्ही थकलो होतो."

"का देऊ नका?" भोंगा उसळला. "पाचव्यात माझी पोरगी हसलीये शेवटच्या कडव्यात. तेवढ्यासाठी तरी दोन तारे होतात."

"आणि गादीचं कडवं वाईट आहे का?" गोणीने विचारलं. "लोक अजून दुकानात येऊन म्हणून दाखवतात."

तिघं व्हरांड्यात तावातावाने भांडली. गेल्या कित्येक वर्षांत ती एवढी एकमेकांशी बोलली नव्हती. अण्णा मधे उभे राहून ऐकत होते आणि त्यांची मान हलत होती. शेवटी त्यांनी दोन्ही अल्बमना प्रत्येकी तीन तारे दिले. कमी दिले तर कारण लिहावं लागतं, आणि कारण वरून मंजूर करून आणावं लागतं.

सरासरी चांगली आली. पण तिसऱ्या अल्बमचा प्रश्न उरलाच, कारण आता गाण्यातला साहेब कुणीच नव्हता आणि जो नाही त्याच्या अचूक चित्रणाला पाच तारे देता येत नव्हते. अधीक्षकबाईंनी तोडगा काढला. साहेब व्यक्ती नसून कार्यालय आहे, असा त्यांनी निर्णय दिला. त्यामुळे मान सगळ्यांना सारखा मिळाला. सोबत खिडकी क्रमांक चार 'जतन करावयाची सांस्कृतिक खूण' म्हणून जाहीर झाली. तिच्यावर पितळी पाटी लागली, गाण्याच्या दोन ओळी कोरल्या गेल्या, आणि खिडकी मूळ स्थितीत, म्हणजे बंद, ठेवण्याचा आदेश निघाला.

लोक येऊ लागले. कुणी पाटीला हात लावून उभं राही, कुणी खिडकीवर टकटक केल्याचा अभिनय करी. सुट्टीत मुलांना घेऊन बाहेरगावचेही येत. खिडकीवर आलेल्या अर्जदारांना बाजूला व्हायला सांगण्यासाठी एक माणूस नेमावा लागला. तो तेवढा कामसू होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तक्रारपेटी सभागृहाचा अंतिम शिक्का घ्यायला आली. शिक्का खिडकी क्रमांक चारवर मिळणार होता. टाचणीने आईचा अर्जही आणला होता आणि आईलाही. म्हातारी छान साडी नेसून आली होती. एवढ्या वर्षांनी खिडकी बघून ती हसली.

"अगदी तशीच आहे गं," ती म्हणाली.

गर्दीने तिघांना ओळखलं. "गाणं! गाणं!" असा ओरडा झाला. भोंग्याने एकदा घसा साफ केला, गोणीने पाटीवर बोटांनी ठेका धरला, आणि गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो म्हणत तिघांनी सुरुवात केली. व्हरांडा दणाणला. म्हातारी सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणत होती, कारण मूळ पाठ तिचा होता.

आत अण्णा शिक्का घेऊन बसले होते. अर्ज दारातून घेता येत नव्हता. नियमाप्रमाणे तो खिडकीतूनच घ्यायचा होता. गाणं शेवटच्या ओळीवर आलं तेव्हा अण्णा उठले. आदेशाचं जे व्हायचं ते होऊ दे, असं त्यांच्या मनाने घेतलं. एवढं धाडस त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं. त्यांनी कडी काढली. गंजलेली खिडकी कुरकुरली आणि बोटभर उघडली. फटीतून त्यांना म्हातारीचा हात दिसला आणि हातातला कागद.

"द्या, आई," अण्णा म्हणाले.

आणि बाहेर एकच गिल्ला झाला.

"ओ काका, बंद करा ती! फोटोत येतेय!"

"अहो, आम्ही इतक्या लांबून बंद खिडकी बघायला आलोय!"

"जरा थांबा की, एवढे फोटो झाले की उघडा!"

आपण कुणाचं ऐकायचं हे अण्णांना कळेना. मग त्यांनी कडी लावली. बाहेर टाळ्या वाजल्या. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, यावेळी सगळ्यांनी मिळून.

त्या गर्दीत, पाटीच्या डाव्या अंगाला, तुम्हीही होतात. हसताय काय? तुम्हाला खरं तर जन्माचा दाखला हवा होता. पण फोटोत दोन्ही हात वर करायचे होते, म्हणून तुम्ही अर्जाची घडी घालून तो खिशात ठेवलात, आणि म्हातारीला म्हणालात, "आजी, जरा सरकता का?"