तात्यांचा अडलेला कावळा

दहाव्याचे पिंड मांडलेले आहेत, घरची माणसं हात जोडून उभी आहेत, भटजींनी डोळे मिटले आहेत, आणि अशा वेळी साठी उलटलेला एक गृहस्थ छत्री उंच धरून "शिवला! शिवला! अहो, शिवला!" म्हणून जागच्या जागी उड्या मारतोय, असं दृश्य तुम्ही कुठे पाहिलंय? मी पाहिलंय. आठवड्यातून चारदा तरी पाहिलंय, आणि त्यापायी कचेरीत साहेबाची बोलणीही खाल्ली आहेत.

हे आमचे तात्या. नाव त्र्यंबकराव, पण रामकुंडावर त्यांना सगळे कावळेतात्याच म्हणत. त्यांना त्याचा राग नव्हता. उलट नव्या माणसाला ते आपणहून सांगत, "नुसतं कावळेतात्या म्हणा, कुणीही घर दाखवील."

मिठाचा सत्याग्रह होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. मी नाशिकरोडला छापखान्यात कारकून होतो आणि बिऱ्हाड पंचवटीत होतं. तात्यांच्या दोन खोल्या आमच्या शेजारीच. सकाळी सायकल काढून निघालो की मला गंगेवरून जावं लागे. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. तिथे घाटावर तात्या हटकून आडवे येत आणि सायकलचं हँडल धरत.

"थांबा! एक कावळा अडलाय!"

"तात्या, मला उशीर होतोय हो."

"छापखाना काय पळून जातोय? कावळा उडून जाईल!"

मी कपाळावर हात मारायचो आणि सायकल भिंतीला टेकवायचो. काय करणार? त्या माणसाच्या चेहऱ्यावर जत्रेला निघालेल्या पोराचा आनंद असे.

कावळा अडणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की गेलेला माणूस सुखाने गेला. नाही शिवला तर त्याची काही इच्छा राहिली. मग घरचे एकेक कबूल करत सुटतात. पोरीचं लग्न करू, आईला सांभाळू, वाटणीवरून भांडणार नाही. तरीही कावळा हूं की चूं करत नसेल, तर भटजी दर्भाचा कावळा करतात, पिंडाला टेकवतात आणि मोकळे होतात.

हे शेवटचं तात्यांना मुळीच खपत नसे. भटजींचा हात दर्भाकडे गेला रे गेला, की तात्या कुठूनसे धावत येत आणि त्यांचं मनगटच पकडत.

"गवत ठेवा खाली! आधी इच्छा शोधा, इच्छा!"

"तात्या, मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"शास्त्र तुमचं, इच्छा माझी. पाच मिनिटं द्या."

तात्यांची सगळी नोकरी पोस्टात झाली होती. 'वडाजवळच्या बाळूस मिळे' एवढ्याच पत्त्यावर आपण पत्र पोचवलंय, असं ते छाती फुगवून सांगत. "इच्छा म्हणजे तरी काय हो? पत्रच. पत्ता लागत नाही म्हणून अडलेलं. आपण फक्त पत्ता लावायचा." त्यासाठी त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. शेवटचं काय खायला मागितलं? शेवटचं भांडण कुणाशी? आणि जाताना नजर कुठे होती? शिवाय एक नियम. पिंडासमोर जो उभा आहे त्याला विचारायचं नाही. "त्याला काही दिसत नसतं. मागे कोण उभं आहे, ते बघा. पत्ता त्याच्याकडे असतो."

एकदा निफाडकडची मंडळी आली होती. म्हातारे आबा गेले होते. दोघे मुलगे घसा सुकेपर्यंत ओरडत होते. "आबा, रान विकनार नाय!" "आबा, मायला लय जपू!" कावळा कपालेश्वराच्या पायऱ्यांवर बसून चोच घासतोय. भटजी दर्भ शोधायला लागले. तात्या मुलांकडे न बघता थेट मागे गेले. तिथे धाकटी सून डोक्यावरचा पदर सावरत उभी होती.

"शेवटचं भांडण कुणाशी झालं, पोरी?"

तिने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ह्यांच्याशीच. ढवळ्या बैल म्हातारा झालाय, ह्यांनी त्याला बाजारात न्यायचं काढलं व्हतं. मामंजी त्या दिवशी जेवले बी नाय."

तात्यांनी धाकट्याला दंडाला धरून पुढे केलं. पोरगा ढसाढसा रडायलाच लागला. "आबा, ढवळ्या कुठं बी जानार नाय. दावणीलाच ऱ्हाईल तो." आणि खोटं कशाला सांगू, कावळा आला. तात्यांनी छत्री उंच केली. "शिवला! शिवला!" मुलगे रडताहेत, सून हसतेय आणि हे नाचताहेत. मला त्या दिवशी पाऊण तास उशीर झाला.

दुसरी गोष्ट गावातल्याच एका वकिलांची. त्यांचे वडील महाकर्मठ, सोवळ्यातले. कावळा तास झाला तरी येईना. तात्यांनी मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या गड्याला गाठलं. शेवटी काय खायला मागितलं, म्हणून विचारलं. गडी वकिलांकडे बघत कानात कुजबुजला. तात्या तसेच तरातरा गेले आणि दहा मिनिटांत द्रोण घेऊन परत आले. द्रोणात काय असावं? कांदाभजी!

भटजींनी कानांवर हात ठेवले. "शिव शिव! पिंडाशेजारी कांदा?"

"तुमच्या पिंडात नाही घालत. शेजारी ठेवतो. पाहुणा म्हणून."

आणि द्रोण ठेवायची खोटी, दोन कावळे झेपावले! वकील लाजून लाल, आणि तात्यांची छत्री अस्मानात. मी म्हटलं, "तात्या, गरम भजी बघून मीसुद्धा शिवलो असतो. यात इच्छेचा काय संबंध?"

"तुम्ही इथे रोज उभे असता. तुम्ही का नाही शिवलात?" ते म्हणाले. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझा या गोष्टींवर विश्वास नाही, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. ते फक्त म्हणत, "बरं, उद्या लवकर निघा."

घरी मात्र आमची ही वेगळंच काही बघत असे. "तुम्हाला त्यांचे कावळे दिसतात," ती एकदा म्हणाली. "त्यांचा कोट बघितलात का? एकाच बटणावर चाललाय. सकाळी कोरडे पोहे खिशात टाकून जातात. संध्याकाळी चूल पेटलेली मी तरी पाहिली नाही. चहा पितात आणि निजतात." मी म्हटलं, एकटा जीव, चालायचंच. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

त्या वर्षी पितृपक्षात तात्या आमच्या दारात येऊन उभे राहिले. छत्री नव्हती, आवाजही नव्हता.

"सूनबाई, परवा अविधवा नवमी. सवाष्ण म्हणून जेवायला याल का? हिचं पान असतं."

हिचं! दोन वर्षांच्या शेजारात तात्यांच्या तोंडून बायकोचा उल्लेख आम्ही पहिल्यांदा ऐकला. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध नवमीला करतात, सवाष्णीला जेवू घालतात. आमच्या हिने लगेच हो म्हटलं.

गेलो. स्वयंपाक तात्यांनी स्वतः केला होता. खीर खाली लागलेली. अळूचं फदफदं पाण्यासारखं. वडा पानात वाढला तेव्हा चक्क वाजला. तात्यांनी केळीच्या पानाचा तुकडा मागच्या पडवीच्या कौलांवर ठेवला. समोर कडुनिंबावर एक कावळा बसलेला होता. त्याने घास घेतल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. बारा वाजले, साडेबारा झाले, एक वाजला. सवाष्ण सकाळपासून उपाशी, आणि सवाष्णीचा नवराही.

"तात्या, वड्याला घाबरला असेल," मी म्हणालो.

तात्या हसले नाहीत. हात जोडून ते कौलांकडे बघत होते.

"पाचवं वर्ष," ते म्हणाले. "दहाव्याला तिचा शिवला नाही. दोन वाजेपर्यंत उभा होतो मी रामकुंडावर. शेवटी भटजींनी दर्भाचा केला. गवताचा हो! आणि मी करू दिला."

मला एकदम भटजींचं ते मनगट आठवलं, आणि माझी मलाच लाज वाटली. मी इतके दिवस या माणसाची थट्टा करत होतो.

"मग दर वर्षी शोधतोय," तात्या सांगत होते. "पहिल्या वर्षी तिची नथ भाचीला दिली. तिच्या मनात होतं तसं. मग येवल्याला जाऊन तिच्या बहिणीशी बोललो. आमचा अबोला होता बारा वर्षांचा. एका वर्षी ब्रह्मगिरीची फेरी केली, अनवाणी. तिची राहिली होती. गेल्या वर्षी तुळस लावली. तिची तुळस मी वाळू दिली होती, पाणी घालायचं लक्षातच राहिलं नाही. दर वर्षी हा असाच बसतो, बघतो आणि उडून जातो."

"आणि तुमचे तीन प्रश्न?" आमच्या हिने विचारलं.

"विचारले की! खायला तिने काही मागितलंच नाही. भांडण आमचं कधी झालं नाही. आणि नजर..." ते घुटमळले. "नजर माझ्यावर होती. त्यातून काय कळणार?"

आमची ही ताडकन उठली. भुकेने म्हणा, रागाने म्हणा, तिचा चेहरा लाल झाला होता.

"अहो तात्या! जन्मभर लोकांची पत्रं वाटलीत, आणि हे कळलं नाही तुम्हाला? व्हा बाजूला! मागे उभे राहा!"

तात्या मुकाट्याने मागे सरकले. तिने दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला, पडवीच्या कडेला गेली आणि हात जोडून मोठ्याने म्हणाली, "काकू, तुम्ही मला पाहिलेलं नाही. मी शेजारची. तात्या जेवत नाहीत धड, कोटाला बटणं नाहीत, ते सगळं तुम्हाला तिथून दिसतच असेल. उद्यापासून दोन्ही वेळचं त्यांचं पान आमच्याकडे. बटणं मी लावते. दुखलं-खुपलं आम्ही बघू. तुम्ही त्यांची काळजी करू नका. शब्द देते मी."

"सूनबाई, अहो, माझं कसलं..." तात्या पुटपुटले.

कडुनिंबाची फांदी हलली. कावळा कौलांवर उतरला, दोन पावलं तिरका चालला, पानाकडे बघितलं आणि त्याने उचलला काय, तर तो वडा! तोच, दगडासारखा!

"शिवला!" कुणीतरी ओरडलं. "शिवला! शिवला! अहो, शिवला!" ओरडणारा मीच होतो. पडवीत उड्या मारत होतो आणि आमची ही तोंडावर पदर धरून रडत होती.

तात्या ओरडले नाहीत. ते भिंतीला टेकून खाली बसले.

"पत्र माझ्याच नावाचं होतं हो," ते म्हणाले. "आणि मी येवल्यापर्यंत फिरवलं."

मग त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि पाट मांडायला उठले. आमच्या हिने पाट त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पहिलं पान त्यांचंच वाढलं.

"थोडाच भात घाला, सूनबाई."

"थोडा नाही," ती म्हणाली. "मी कबूल केलंय."