संपतदादाची पुरी ओळख

माझा मोठा भाऊ संपतदादा गाडीत शिदोरी सोडण्याआधी समोरच्या बाकाला आपली पुरी ओळख द्यायचा. कुणी विचारलेलं नसे.

"मी संपत. गाव जऊळक्यापाशी. आमी बौद्ध. छप्पन साली दीक्षा घेतली. आता भाकर घ्या."

त्याला कारण होतं. एकदा एका माणसाने आमची चटणी-भाकर मिटक्या मारत खाल्ली, मग आमचं घर गावात कोणत्या बाजूला ते विचारलं, आणि घशात बोट घालून खिडकीतून सगळं ओकून टाकलं. तेव्हापासून दादाचा नियम झाला. "आधी आयका, मंग खा. अन्न वाया जाऊ नाही."

या नियमाचा मला फायदाच झाला. ओळख झाली की बाक रिकामा व्हायचा आणि मला पाय पसरता यायचे. गर्दी फार झाली की मीच म्हणायची, "दादा, सांग नं त्यायले."

"टिंगल करते का, शेवंते?"

"टिंगल कायची? पाय दुखून राह्यले माहे."

मोठ्या दुष्काळाच्या आदल्या साली आम्ही दोघं समुद्रकाठच्या एका गावी निघालो. गावाचं नाव सांगत नाही, कारण दादाचा मुलगा प्रल्हाद अजून तिथेच आहे. तो तिथल्या कचेरीत कारकून होता. नोकरी लागल्यापासून घरी आला नव्हता. दादाची बायको कधीच गेलेली, घरात दादा एकटा. त्याने पोरासाठी मुलगी पाहून ठेवली होती. आता पोराला घेऊनच यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

जऊळक्याहून अकोल्यापर्यंत छोटी गाडी, मग भुसावळ, तिथून सुरतेची पॅसेंजर. ती जनावरासारखी वाटेल तिथे उभी राहायची. एक्सप्रेस गेली, मालगाडी गेली, आम्ही आपले बाभळी पाहत बसलेले.

मी म्हटलं, "चार पैसे जास्त देऊन एक्सप्रेसनं काहून नाही आलो?"

"तिच्यात कोनी बोलत नाही. मुक्यावानी कायले जाचं?"

आणि बोलला तो. चहावाल्याला, तिकीट तपासनिसाला, एका आंधळ्या भिकाऱ्यालासुद्धा सांगून झालं. "पोरगा साहेब हाये. दर्याजवळ खोली हाये त्याची." भिकारी म्हणाला, "मग दे दहा पैसे." दादाने खुशीत दिले.

सुरतेला गाडी बदलून त्या गावी उतरलो आणि पत्ता विचारत प्रल्हादच्या खोलीवर पोचलो. अंगणात घरमालकीण भांडी घासत होती. प्रल्हाद दारात आला आणि आम्हाला पाहून पांढरा पडला.

"कोण हो प्रल्हादराव?" बाईने विचारलं.

"गावाकडचे आहेत," तो म्हणाला. "वडिलांच्या ओळखीचे."

त्याच्या मागे भिंतीवर सत्यनारायणाची तसबीर होती. आमच्या घरातले देव दादाने छप्पन सालीच नदीत सोडले होते. खोली कशी मिळाली ते मला कळलं. मी तोंड उघडलं, तर दादाने माझ्या पायावर पाय दिला.

त्याने घरून आणलेलं डाळीचं गाठोडं उंबऱ्याबाहेरच ठेवलं.

"प्रल्हादराव, हे तुरीची डाळ. तुमच्या बापानं पाठोली. बरा हाये तो. काळजी करू नका म्हने."

प्रल्हाद खाली पाहत होता. बाईच म्हणाली, "वडिलांना आणायचं होतं की."

"त्यायले गाडी लागते, बाई. प्रवास झेपत नाही."

"बसा तरी. चहा टाकते."

"नाही, गाडीची येळ झाली."

गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती.

स्टेशनच्या वाटेवर उजव्या हाताला समुद्र होता. एवढ्या दुरून येऊन आम्ही तिकडे मान वळवली नाही. मी मनातलं सगळं बाहेर काढलं. "चपलेनं हानाले पाहिजे होतं तुह्या पोराले. बापाले वळख देत नाही! डाळ तरी कायले ठुली? वापस आनाची होती."

दादाने मला बोलू दिलं. मग म्हणाला, "शेवंते, कसा दिसला तो? मले नीट पाहताच नाही आलं. परक्यानं किती पाहावं कोनाच्या तोंडाकडे?"

"बरा दिसला," मी म्हटलं. "गालावर मास आलं हाये."

पोरगा वाळून काडी झाला होता.