नवरा या प्रवर्गातला रुग्ण

पाइक नॅरोज गावात श्वास घेणाऱ्यांची संख्या एक हजार एकशे चार असून त्यांच्या श्वासांवर देखरेख करणारी नोंदणीकृत श्वसनोपचारतज्ज्ञ एकच आहे. मार्लिस हुडिमा. दुसरी तज्ज्ञ चारशे दहा किलोमीटरवर शहरात बसते, आणि मधल्या रस्त्याला हिवाळ्यात रस्ता म्हणणं हा सरकारी नकाशाचा चांगुलपणा आहे. गेल्या तेवीस वर्षांत गावातल्या जवळजवळ प्रत्येक छातीला मार्लिसचा स्टेथोस्कोप लागला होता. तिच्या नवऱ्याची छाती तेवढी राहिली होती.

नेस्टर एकतीस वर्षं निकेलच्या खाणीत होता. निवृत्त झाल्यावर तो कर्लिंग क्लबात, म्हणजे बर्फावरून दगड घसरवायच्या खेळाच्या क्लबात, बर्फ तासायचं काम करू लागला. खाणीने दिलेली धूळ मात्र त्याने फुप्फुसांत जपून ठेवली होती. ऑक्टोबरात घरापासून क्लबापर्यंत जाताना तो तीन ठिकाणी थांबायला लागला. का थांबलास विचारलं, की पोस्टमास्तर भेटला होता म्हणायचा. पोस्ट ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

दर गुरुवारी विमानाने येणाऱ्या डॉक्टर एझेनवांनी त्याला तपासलं आणि घरी ऑक्सिजन लावायला सांगितलं. नोव्हेंबरात मशीन आलं, सोबत फिरताना ओढायचा एक छोटा सिलिंडरही आला. मशीनवर चिठ्ठी होती: नोंदणीकृत श्वसनोपचारतज्ज्ञाने चाचणी घेऊन सही केल्याशिवाय सुरू करू नये. सही करू शकणारी बाई मशीनसमोरच उभी होती आणि तिच्या हातात पेन होतं.

"कर की मग सही," नेस्टर म्हणाला.

"नाही करता येत. तू माझा नवरा आहेस."

"बत्तीस वर्षं झाली त्याला. आजच बरी अडचण व्हायला लागली."

अडचण कलम सातची होती. तज्ज्ञांची नोंदणी करणाऱ्या मंडळाच्या 'व्यावसायिक आचरण मानकां'नुसार कोणत्याही तज्ज्ञाने आपल्या जोडीदारावर उपचार करायचे नाहीत, कारण ज्याचा जीव रुग्णात गुंतलेला आहे त्याची बुद्धी निःपक्ष राहत नाही. नियम काही कोणी वेड्याने केलेला नव्हता. कुठेतरी कुणीतरी रुग्णाचा गैरफायदा घेतला होता, म्हणून तो झाला होता. मार्लिसला तो तोंडपाठ होता. भर रानात, चिटपाखरू नसताना, बर्फावरची स्नोमोबिल थांबवून 'थांबा'च्या पाटीचा मान राखणारी ती बाई. तिने मंडळाला रीतसर पत्र लिहिलं.

एकोणीस दिवसांनी आचरण सल्लागार थेरेसा व्हिटलॉक यांचं उत्तर आलं. तुमच्या भावना आम्ही समजू शकतो, असं त्यात दोनदा लिहिलं होतं. रुग्णाला उपलब्ध असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाकडे पाठवावं, असंही होतं. मार्लिसने कळवलं, की गावात उपलब्ध तज्ज्ञ मीच. मग उपलब्ध तज्ज्ञाकडे पाठवा, पण प्रक्रिया पूर्ण करा, असं उत्तर आलं.

तिने प्रक्रिया पूर्ण केली. रविवारी बायको म्हणून तिने नवऱ्याला श्रीमती एम. हुडिमा यांच्याकडे पाठवण्याचा फॉर्म भरला. सोमवारी सकाळी आठला श्रीमती एम. हुडिमा यांनी तो दवाखान्यात उघडला, त्यावर सांगोपांग विचार केला आणि कलम सातमुळे असमर्थता कळवली. नकाराचं पत्र बुधवारी पोस्टाने घरी आलं. नेस्टरने ते वाचून फ्रिजवर चिकटवलं.

"किती गोड नकार दिलायस गं," तो म्हणाला. मधे दोनदा श्वास घ्यायला थांबला. "लग्नाला नाही म्हणाली असतीस, तर असंच लिहिलं असतंस ना?"

बाकीच्या वाटाही तिने चाचपून पाहिल्या. शहरात न्यायचं, तर ऑक्सिजनशिवाय असा रुग्ण न्यायला अँब्युलन्स तयार नव्हती, आणि प्रवासात ऑक्सिजन लावायला तज्ज्ञाची चाचणी लागत होती. डॉक्टर एझेनवा म्हणाले, मी केलं असतं, पण तज्ज्ञाचं काम डॉक्टरने केलेलं आमच्या मंडळाला खपत नाही. शेजारची इर्मा म्हणाली, बटणच दाबायचं ना, मी दाबते. तेव्हा मार्लिसने मशीनचं माहितीपत्रक चष्मा लावून वाचलं. ज्या भागात नोंदणीकृत तज्ज्ञ उपलब्ध नसेल, तिथे डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे घरच्या माणसाने मशीन सुरू करावं, अशी सोय त्यात होती. पण पाइक नॅरोजमध्ये तज्ज्ञ उपलब्ध होती. ती आत बटाटे सोलत होती.

शेवटी तिने व्हिटलॉकबाईंना फोन लावला. "तज्ज्ञ म्हणून नाही, निदान बायको म्हणून लावू का?"

"नोंदणीकृत व्यक्ती चोवीस तास नोंदणीकृत असते, मार्लिस."

"मग मी त्याची बायको कधी असते?"

"तो आमच्या कार्यकक्षेतला विषय नाही," व्हिटलॉकबाई म्हणाल्या. बाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतःहून मानकं चाळली आणि आणीबाणीचं पोटकलम काढून दिलं. रुग्णाचा ऑक्सिजन ऐंशीच्या खाली गेला, तर जोडीदारावरही उपचार करता येतात, मात्र आणीबाणी संपेपर्यंतच.

"म्हणजे तो निळा पडेपर्यंत मी थांबू?"

"थांबा असं आम्ही कधीच सांगत नाही. आधी करू नका, एवढंच सांगतो."

त्या दिवसापासून हुडिमांच्या घरात आणीबाणीची वाट पाहणं सुरू झालं. नेस्टर बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावून न्याहारीला बसायचा आणि मार्लिस समोर बसून आकडा बघायची. शहाऐंशी. पंच्याऐंशी. त्र्याऐंशी. "आज काय भाव चाललाय?" असं तो रोज विचारायचा. तज्ज्ञ या नात्याने तिला त्याचे निळसर ओठ दिसत नव्हते. बायको या नात्याने दिसत होते, आणि तिला भीती वाटत होती. भीती कुठे नोंदवायची, याला फॉर्म नव्हता.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी बिटाचं सूप वाढलेलं असताना नेस्टर खाली पडलेला रुमाल उचलायला वाकला आणि वर येईना. आकडा अठ्ठ्याहत्तर. मार्लिसने अर्ध्या मिनिटात नळी त्याच्या नाकाला लावून मशीन चालू केलं. तेवीस वर्षांची सवय हातात होती. आकडा नव्वद झाला. आणीबाणी संपली. तिने मशीन बंद केलं. आकडा एकोणऐंशी झाला. आणीबाणी आली. तिने चालू केलं. अशा चार आणीबाण्या आल्या आणि गेल्या. चारहींच्या वेळा तिने वहीत लिहिल्या. नेस्टरचा चेहरा आळीपाळीने निळा आणि लाल होत होता, आणि दर वेळी लाल झाला की तो चमच्याकडे हात न्यायचा.

पाचव्यांदा तिने मशीन बंद केलं नाही. नेस्टर सूप प्यायला. पाव बुडवून बुडवून प्यायला, वाटी पुसून घेतली आणि अजून आहे का म्हणून विचारलं. मार्लिस त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला रडू फुटलं. सगळी मिळून अकरा मिनिटं झाली. मग तिने मशीन बंद केलं, डोळे पुसले आणि प्रामाणिकपणाच्या कलमानुसार स्वतःविरुद्ध तक्रार लिहायला बसली.

"वेडी आहेस का तू?" नेस्टर म्हणाला.

"खोटं लिहू?"

"काहीच नको लिहूस."

ते तिला जमण्यातलं नव्हतं.

फेब्रुवारीत कंप्युटरवर सुनावणी झाली. समितीत तीन माणसं होती. दोन तज्ज्ञ, आणि तिसरे लॉइड आर्मिटेज, फर्निचरच्या दुकानातून निवृत्त झालेले. ते जनतेचे प्रतिनिधी होते. मानकं जनतेच्या हितासाठी असतात, म्हणून समितीत जनतेचं एक माणूस ठेवावंच लागतं. नेस्टरने आपल्यालाही काही बोलायचं आहे असं सांगितलं, तेव्हा अध्यक्षांनी नम्रपणे समजावलं की इथे हिताचा प्रश्न जनतेचा आहे, रुग्णाचा नाही.

"त्या अकरा मिनिटांत तुम्ही तज्ज्ञ होतात की पत्नी?" अध्यक्षांनी विचारलं.

"सूप गरम होतं," मार्लिस म्हणाली.

उत्तर विषयाशी संबंधित नसल्याची नोंद झाली. मग दोन तज्ज्ञांचं एकमत होईना. एक म्हणाला सोडून द्या, दुसरी म्हणाली मुळीच नाही. निर्णय आर्मिटेज यांच्यावर आला. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. आपली बायको दम्याने गेली, असं त्यांनी सांगितलं. मार्लिसने टेबलाखाली नेस्टरचा हात धरला.

"मला फार वाईट वाटतंय," आर्मिटेज म्हणाले. "पण एकीला सूट दिली, की उद्या सगळेच मागतील. नियम म्हणजे नियम." आणि त्यांनी हात वर केला.

मार्लिसची नोंदणी सहा महिन्यांसाठी स्थगित झाली. पत्र गुरुवारी आलं, स्थगिती त्याच दिवसापासून होती. तिने ते दोनदा वाचलं, फ्रिजवर आधीच्या पत्राशेजारी लावलं आणि ड्रॉवरमधून माहितीपत्रक काढलं.

"नेस्टर, गावात नोंदणीकृत तज्ज्ञ उपलब्ध आहे का रे?"

त्याला समजायला जरा वेळ लागला. "काल संध्याकाळपर्यंत होती बुवा एक," तो म्हणाला.

तिने दवाखान्यात डॉक्टर एझेनवांना फोन केला. ते म्हणाले, मिनिटाला दोन लिटर. तिने बटण दाबलं. मशीन घरघरू लागलं आणि थांबलं नाही. आठवडाभरात नेस्टरच्या ओठांना रंग आला. पुढच्या शनिवारी तो छोटा सिलिंडर ओढत कर्लिंग क्लबात गेला आणि वाटेत त्याला पोस्टमास्तर एकदाही भेटला नाही.

दवाखान्याच्या दारावर आता पाटी आहे: श्वसनोपचार विभाग ऑगस्टपर्यंत बंद. जवळचं केंद्र ४१० कि.मी. त्या विभागात त्रेचाळीस रुग्णांची नावं आहेत. इर्माच्या म्हाताऱ्या बापाचं त्यात आहे. परवा ती कुंपणापाशी आली आणि, बाबांना जरा बघतेस का, म्हणाली. तिच्या घरातून त्यांचा खोकला रस्त्यापर्यंत ऐकू येत होता.

"नाही गं इर्मा," ती म्हणाली. "मला आता फक्त नवऱ्यालाच हात लावायची परवानगी आहे."

मंडळाच्या वार्षिक अहवालात हे प्रकरण जनहिताचं रक्षण या सदरात छापलं आहे. लॉइड आर्मिटेज यांच्या नेमणूकपत्राची प्रतही शेवटी जोडली आहे. कोणाचे प्रतिनिधी, या रकान्यात कोणा एकाचं नाव नाही, 'जनता' एवढंच आहे. नोंदणी नसलेली, कोणत्याही समितीत नसलेली, असली प्रकरणं घरबसल्या वाचून हळहळणारी माणसं, असा त्याचा सरळ अर्थ होतो. तेव्हा तो हात तुमच्याच वतीने वर गेला होता. डोळे पुसून झाले असतील, तर तो हात तुम्हीही आता खाली घ्यायला हरकत नाही.