लमायच्या कपाटातली झाडं

थविनने झाडं घरात घ्यायचं ठरवलं ते लोकांच्या आमलेटमुळे.

गांजा लावायला सरकारने मोकळीक दिली त्या पावसाळ्यात थायलंडमधल्या उथाई थानी गावात मिरचीच्या शेजारी गांजाच्याही कुंड्या दिसायला लागल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या थविननेही पाच रोपं आणून दारातल्या पायरीवर ठेवली. पण येणारा-जाणारा हात घालायचा. कुणाला आमलेटात पानं हवीत, कुणाला कोंबडीच्या रश्श्यात. “काका, दोनच घेते हं,” म्हणत समोरची नूडलवाली अर्धं झाड ओरबाडून न्यायची. थविनला कुणाला नाही म्हणता येत नसे. (नाही म्हणायचं काम बायकोकडे होतं, आणि लमाय जाऊन दीड वर्ष झालं होतं.) शेवटी त्याने पाचही कुंड्या उचलल्या आणि माडीवर, झोपायच्या खोलीत खिडकीपाशी नेऊन ठेवल्या.

त्या खोलीत एक पलंग, लमायचं कपाट आणि देवाच्या फळीवर लमायचा फोटो. फोटोपुढे विजेचा लहानसा लाल दिवा. तो गेल्या दीड वर्षात एकदाही विझला नव्हता.

त्याच आठवड्यात बँकॉकहून मुलीचा, पुईचा फोन आला.

“बाबा, सोंगक्रानच्या सणाला येतेय. या वेळी तुम्हाला घेऊनच जाणार.”

“तुझ्या फ्लॅटात आईला कुठे बसवायचं?”

“फ्रिजवर जागा आहे.”

“आई फ्रिजवर?”

“मग तिथे राहून तुम्ही करता तरी काय? आई गेल्यापासून एक काम शेवटाला नेलंत? छत गळतंय ते गळतंय. आईचं कपाट उघडलंसुद्धा नाहीत.”

“झाडं लावलीत मी,” थविन घाईघाईने म्हणाला. “तू येशील तेव्हा फुलांनी लगडलेली दाखवीन.”

“दाखवा. दाखवलीत तर पुन्हा बँकॉकचं नाव काढणार नाही. नाहीतर बॅग भरायची.”

थविनने फोन ठेवला आणि झाडांकडे पाहिलं. एवढ्याशा पानांवर आपलं उरलेलं आयुष्य टांगलंय, हे त्यांना सांगावं की नाही, हे त्याला कळेना.

झाडं मात्र वाढली. खिडकीच्या वर गेली, छताला टेकली. पण फूल म्हणाल तर औषधालाही नाही. थविनचा मित्र प्रयून, निवृत्त शिक्षक, रोज येऊन सल्ला देऊ लागला. त्याच्या सांगण्यावरून अंडी, साखर आणि आंबट दूध बाटलीत भरून आंबवत ठेवलं. ती बाटली भर दुपारी फुटली आणि अंडी छताला जाऊन चिकटली. (गळती मात्र थांबली नाही.) झाडांना त्याचा काही फायदा झाला नाही, आणि थविनच्या अंगाला येणाऱ्या वासामुळे नूडलवाली त्याला बाहेरच्या बाकावर बसवून वाढू लागली.

एकदा प्रयून तिन्हीसांजेला आला.

“थविन, रात्री झाडांना अंधार असतो ना रे?”

“मिट्ट अंधार.”

“मग हे काय आहे?”

“कुठे?”

“हा दिवा!”

“हा होय? ही लमाय आहे.”

प्रयूनने फोटोला हात जोडले. मग हळूच म्हणाला, “झाडाला ते कसं कळणार, बाबा? त्याला वाटतं, दिवस मावळलाच नाही. रात्र झाल्याशिवाय ते फुलायचं नाही. मालव तो.”

“नाही,” थविन म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या तोंडून हा शब्द इतका पटकन निघाला होता.

“मग झाडं खाली ने.”

“खाली रस्त्याचा दिवा थेट घरात येतो.”

दोघांनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत अंधाराची जागा एकच होती. प्रयूनने कपाटाकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

प्रयून गेल्यावर थविन दोन नाणी घेऊन फोटोपुढे बसला. ही लमायच्या माहेरची चिनी रीत. एक छाप, एक काटा पडला तर होकार. दोन्ही काटे म्हणजे नकार. आणि दोन्ही छाप म्हणजे वरचं माणूस तुम्हाला हसतंय.

“तुझं कपाट रिकामं करू?”

दोन काटे.

“पुई मला घेऊन जाईल. तुला फ्रिजवर बसवेल.”

दोन काटे.

“लमाय, मला इथंच राहायचंय गं.”

एक नाणं गरगरत पलंगाखाली गेलं. थविनने वाकून पाहिलं. होकार होता.

त्याने कपाट उघडलं. आतून तिच्या अंगाला थंडावा देणाऱ्या पावडरीचा वास आला. तिथल्या बायका नेसतात तसली एकेक लुंगी काढताना तो घडी मोडणार नाही अशा बेताने उचलत होता. सगळं दोन बॅगांत भरून त्याने त्या खाली जिन्याशी ठेवल्या. मग बराच वेळ रिकाम्या कपाटासमोर उभा राहिला. त्यात झाडं ठेवल्यावर निदान ते रिकामं तरी दिसेना.

तेव्हापासून संध्याकाळी शेंडे वाकवून झाडं कपाटात कोंबायची, सकाळी बाहेर काढायची. कंबर धरली, पण कष्टाला फळ आलं. सगळ्यांत उंच झाडाला घोसच्या घोस लटकू लागले. थविनने त्याचं नाव थोरला ठेवलं. बाकीच्या चौघांना पांढऱ्या केसांसारखं काहीतरी फुटलं होतं. बिचारी आजारी दिसतात, असं म्हणून तो त्यांच्या वाटचं खतही थोरल्यालाच घालू लागला.

सोंगक्रानला, सकाळी झाडं बाहेर काढायच्या आतच पुई आली. जिन्याशी भरलेल्या बॅगा आणि एकीतून डोकावणारी आईची लुंगी पाहून ती थबकली. वर येऊन तिने बापाच्या गळ्यात हात टाकले.

“बाबा! तुम्ही निघायची तयारी केलीत! आणि आईचं कपाटही रिकामं केलंत!”

“निघायची कुठली? ती झाडांसाठी...”

“आता लाजू नका. किती बरं वाटलं मला!” असं म्हणत तिने कपाट उघडलं.

आतून पिवळ्या धुळीचा लोट आला. पुई सात-आठ वेळा शिंकली. तिच्या भुवया पिवळ्या झाल्या.

“ही बघ फुलं!” थविन अभिमानाने म्हणाला. “हा थोरला!”

मागून आलेल्या प्रयूनने चष्मा लावला, घोस बोटाने हलवला आणि कपाळाला हात लावला. “अरे, हा नर आहे! याला काही लागत नाही. फुलं त्या चौघींना येणार होती. तू याला खाऊपिऊ घालून रोज रात्री त्यांच्याबरोबर कोंडलंस. या परागाने आता नुसत्या बिया धरतील. पीक गेलं.”

थविन पलंगावर बसला. हरलेल्या माणसासाठी खाली जिन्याशी बॅगा तयार होत्या. फक्त त्या त्याच्या नव्हत्या.

पुई कपाटाकडे वळली. तिने पिवळ्या हाताने कपाटाच्या दारावर आतून बोट फिरवलं, हुंगलं. पावडरीचा वास अजून होता. मग तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं समजून थविन उठला, तर ती हसत होती. आई गेल्यावर त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी हसत होतं.

“बाबा,” ती डोळे पुसत म्हणाली, “या चौघींचं बाळंतपण आता कोण करणार?”

“मीच,” थविन पडेल आवाजात म्हणाला. “घरातच झालंय ना.”

“मग ते उरकेपर्यंत राहा. बॅगा मी वर आणते.”

संध्याकाळी थविन नाणी घेऊन फोटोपुढे बसला. “लमाय, रागावलीस का गं माझ्यावर?”

दोन्ही छाप पडले.

नीट पडली नसतील, असं वाटून त्याने पुन्हा टाकली. पुन्हा दोन्ही छाप.