मारोतीभाऊ आणि चहूकडे बघणारा कॅमेरा

आमच्या घुग्घुसात कुणाच्याही पोराचा वाढदिवस असो, मारोतीभाऊ बोलावणं नसताना येतात, केकशेजारची सुरी उचलून खिशात घालतात आणि उलथनं पुढे करतात. "केक हाये का रेडा? सुरी काऊन लागते बे?" घरची माणसं ओशाळतात, पोट्टे फिदीफिदी हसतात आणि केकचा पार चेंदामेंदा होतो.

पण भाऊंचा संताप खोटा आहे, असं कोण म्हणेल? मिसरूड न फुटलेलं पोर कमरेला चाकू खोचून मोबाइलवर व्हिडिओ टाकतं आणि आपण मोठी माणसं कौतुकाने बघतो. चौकात तलवारीने केक कापणाऱ्याला पुढारी हार घालतात, लाज नाही वाटत! अशाच एका वाढदिवसाला भाऊंच्या पंकजने मित्रावर चाकू चालवला. मित्र वाचला, पंकज चंद्रपूरच्या जेलात गेला. "मले पोरगा नाई," एवढं बोलून भाऊंनी विषय संपवला. भेटायला एकदाही गेले नाहीत.

भाऊ मूळचे नागभीडकडचे, झाडीपट्टीच्या नाटकांतले गाजलेले खलनायक. मी शाळामास्तर, त्यांचा शेजारी आणि त्याच नाटकांतला प्रॉम्प्टर. म्हणून नागपूरहून श्वेता नावाची दिग्दर्शिका चाकूबाजीवर व्हीआर नाटक करायला आली, तेव्हा तिने आम्हा दोघांना धरलं. डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवला की बघणारा थेट नाटकाच्या मधोमध उभा. मान वळवावी तिकडे नाटक. कॉलेजांतल्या पोरांना ते दाखवायचं होतं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. कॅमेरा अंगणाच्या मध्यभागी होता. भाऊंनी सवयीने सगळ्या नटांना त्याच्यापुढे एका रांगेत उभं केलं, मला कॅमेऱ्यामागे बसवलं, शेजारी पेटीवाला. प्रवेश झकास झाला. मग भाऊंनी चष्मा घालून बघितलं, गर्रकन वळले आणि ओरडले, "मास्तर, तुमी इथी काय करून राह्यले?" त्या कॅमेऱ्याला मागची बाजूच नव्हती. नटांपेक्षा मीच ठसठशीत दिसत होतो, आणि पेटीवाला निवांत तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत होता.

"ज्याले विंग नाई, थे कायचं नाटक?" भाऊ दिवसभर धुमसत होते.

खरं भांडण पेटलं दुसऱ्या दिवशी. श्वेताच्या संहितेत चाकू बघणाऱ्याच्याच हातात होता. त्याने भोसकायचं, मग पस्तावायचं. भाऊंनी हातातला चहा फेकून दिला.

"माणूस माराची प्रॅक्टिस देऊन राह्यली का पोट्ट्याईले?"

"काका, त्याशिवाय धक्का बसत नाही."

"धक्का जेलात बसते बाई! तिथी लाव तुया कॅमेरा."

बोलणं तिलाही पटलं. मग गोठ्याच्या लोखंडी जाळीचं जेल झालं. कॅमेरा, म्हणजे बघणारा पोरगा, जाळीच्या आत आणि बाप झालेले भाऊ बाहेर. मला या खेपेला पाण्याच्या रिकाम्या टाकीत लपवलं होतं.

"तू माझं नाव मातीत घातलंस!" हा पहिला संवाद. मी टाकीतून हळूच सांगितला. भाऊ बोलेनात. वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितला. त्यांनी जाळीत बोटं अडकवली आणि कॅमेऱ्याकडे बघत म्हणाले, "पोटभर देतेत का रे जेवाले? पाठ दुखत असन ना खाली झोपून? तुई माय रोज म्हणते, चला. पन माहेच पाय निंगत नाई."

हे संहितेत कुठेच नव्हतं. पुढची ओळ मी सांगितलीच नाही.

प्रवेश संपल्यावर श्वेता डोळे पुसत म्हणाली, "काका, फार छान झालं." भाऊ तिच्यावरच उखडले.

"छान-बिन राहू दे. हा चष्मा जेलात नेऊ देतेत का, थे सांग."

"विचारावं लागेल. कशाला?"

"पंकजले घालून दे," भाऊ म्हणाले. "तिथी जाऊन त्याच्यासमोर बसाची हिंमत नाई होत मले. चष्मा घातला का मी समोर दिसीन ना त्याले?"