दामूअण्णांची वाढती फळी

कचेरीत आले की दामूअण्णा आधी भिंतीवरच्या फळीला नमस्कार करत आणि मग साहेबांना. साहेबांना हा क्रम मुळीच पसंत नव्हता.

आता कॉम्प्युटरवर बोट ठेवलं की आलेख उभा राहतो. तो पाहिला की मला ती फळीच आठवते. बहात्तरच्या दुष्काळात नगरच्या आमच्या कचेरीत गावोगावच्या विहिरींच्या पाण्याचे आकडे येत. आम्ही ते तक्त्यात भरून मोकळे होत असू. दामूअण्णांनी मात्र फळीवर प्रत्येक गावाची एक उभी तार ठोकली होती आणि तारेत एक मणी ओवला होता. विहिरीत पाणी जितकं, मणी तितका वर. "विचारून तर बघू," म्हणत ते मणी सरकवत, तारांवर रंगीत दोरे ताणत, फळीशी गप्पा मारत. नवा प्रश्न सुचला की खोक्याची नवी फळी शेजारी जोडली जाई. पावसाची झाली, चाऱ्याची झाली. शेवटी माझी खिडकी झाकली गेली. चहावाल्याचीसुद्धा एक तार होती. साहेब दौऱ्यावर असले की चहात पाणी वाढतं, हे तिनेच उघडकीला आणलं. त्यानंतर चहावाला आमच्याशी बोलेनासा झाला.

त्या उन्हाळ्यात सगळे मणी खाली चालले होते आणि मिरजगावकडच्या एका वस्तीचा मणी दर आठवड्याला वर! "पाणी भरपूर आहे, टँकरची गरज नाही," असा साहेबांनी शेरा मारला.

"साहेब, आभाळात ढग नाही, मग हिच्याच विहिरीला पाणी कसं चढतं? विचारून तर बघू."

"कुणाला? फळीला?"

दामूअण्णा तडक एसटीत बसले. मीही गेलो, खिडकी नसलेल्या कचेरीत नाहीतरी जीव गुदमरत होता. वस्तीवर एका म्हातारीने विहिरीत दोर सोडून दाखवला. बाकीची गावं दोराचा भिजलेला भाग मोजून कळवत. इथली माणसं कोरडा भाग मोजत होती!

"पानी किती खाली गेलं त्येच सांगायचं ना?" म्हातारी म्हणाली. "तळाला निस्ता चिखल हाय. लेकरं लई लांबून पानी आनत्यात."

दामूअण्णांनी तिथेच सगळ्यांना दोराचा भिजलेला भाग मोजायला शिकवलं. परत आल्यावर साहेबांच्या टेबलापुढून ते हलेचनात. टँकरचा हुकूम निघाला तेव्हाच त्यांनी घोटभर पाणी घेतलं.

तरी दर रविवारी ते त्या वस्तीवर जातच राहिले. एकदा मी छेडलं, "अण्णा, आता तर आकडा बरोबर येतो. उगाच उन्हात कशाला हिंडता?"

ते म्हणाले, "ती म्हातारी 'जेवला का' म्हणते हो. आमची ही गेल्यापासून केडगावच्या घरात तेवढं म्हणणारं कुणी नाही."

त्या संध्याकाळी मी त्यांना हाताला धरून आमच्या घरी जेवायला नेलं.