खोली सातशे बारामधले पूर्वज

गाडीत सामान भरून झालं होतं, सोरा कानात गाणी घालून मागच्या सीटवर बसली होती, आणि मामंजी अंगणात उभे राहून मेलेल्या माणसांना पत्ता सांगत होते.

"सोकचो. समुद्राकाठची उंच इमारत. सातवा मजला, खोली सातशे बारा," ते डोंगराकडे तोंड करून मोठ्यांदा म्हणाले. त्या डोंगरावर त्यांच्या वडिलांची, आजोबांची आणि पणजोबांची थडगी होती. "लिफ्ट उजव्या हाताला आहे. डावीकडे वळू नका, तिकडे पोहायचा तलाव आहे."

मिरानने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मामंजी, निघायचं ना? रस्त्याला गर्दी होईल."

"थांब, सूनबाई. पणजोबांना जरा कमी ऐकू येतं. परत एकदा सांगतो."

मिरानने डोकं आत घेतलं. त्यांनी आणखी दहा वेळा सांगितलं असतं तरी तिने ऐकून घेतलं असतं, कारण मामंजींचा विचार बदलायला एक शिंक पुरे होती. पे घराण्याची थोरली सून होऊन तिला वीस वर्षं उलटली होती, आणि तेवढ्या वर्षांतला एकही चुसोक, म्हणजे पूर्वजांना पान वाढायचा सण, तिने स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून तवा राखण्यापलीकडे पाहिला नव्हता. सणाच्या सुट्टीवरून ऑफिसातल्या बायका उन्हात रापून परतायच्या आणि मिरान केसांना तेलाचा वास घेऊन. यंदा मात्र तिने नवऱ्याला निक्षून सांगितलं, की सण समुद्रावर करायचा, नाहीतर तुमचा तवा तुम्ही धरा. तेसिक स्वभावाने गरीब. त्याला बायकोचंही पटायचं आणि बापाचंही, त्यामुळे तो दोघांच्या मध्ये नुसता मान हलवत राहिला. शेवटी मामंजीच म्हणाले, "जाऊ. पण पूर्वजांचं पान तिथेही रीतसर मांडायचं. जेवण मागवलं तरी चालेल, पण आमच्या आंदोंगच्या पद्धतीचं. त्यात काही चुकलं, तर पुढच्या वर्षीपासून घर ते घर. मग पुन्हा समुद्राचं नाव काढायचं नाही."

म्हणून मिरानने पानाचं तयार जेवण पोचवणारी एक कंपनी शोधली आणि फोनवर तिघांना तीनदा बजावलं, 'आंदोंगची पेटी. उकडलेला ऑक्टोपस हवाच.' आंदोंगच्या माणसाला ऑक्टोपसशिवायचं पान म्हणजे नवरदेवाशिवाय वरात.

पहिला दिवस मात्र दृष्ट लागण्यासारखा गेला. मासळीबाजारात सगळ्यांनी उभ्याउभ्या भात भरलेली माकुळं खाल्ली, सोराने आजीला चपला काढायला लावून पाण्यात नेलं, आणि मामंजींनी किनाऱ्यावरच्या बाकावर बसून, समुद्र आपल्या कल्पनेपेक्षा लहान निघाला असा अभिप्राय दिला. सासूबाई पाण्यात घोटाभर उभ्या राहून बराच वेळ दूर बघत होत्या. त्यांचं माहेर दक्षिणेकडचं, मोकपो बंदराचं. लग्न होऊन आंदोंगच्या डोंगरात आल्यावर त्यांनी समुद्र असा हाताशी बघितलाच नव्हता.

"आई, कसं वाटतंय?" मिरानने विचारलं.

"छान आहे. पण याला वास नाही गं," सासूबाई म्हणाल्या.

वास दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मिरानने पेटीवरची चिकटपट्टी ओढली आणि खोलीतली सगळी माणसं एकदम एक पाऊल मागे सरकली.

"आई, कुणीतरी संडासात पाणी टाकलं नाहीये," सोरा नाक दाबून म्हणाली.

पेटीत सफरचंदं होती, नाशपाती होत्या, पाइनच्या पानांवर वाफवलेले तांदळाचे सोंगप्योन होते, तव्यावरचे काप रांगेने लावलेले होते. आणि ऑक्टोपसच्या जागी, मानाच्या ताटात, आंबवून मुरवलेल्या पाकट माशाचे गुलाबी तुकडे होते. मोकपोकडे याच्याशिवाय लग्न लागत नाही की माणूस पुरला जात नाही. दक्षिणेत पोर रांगायला लागल्यापासून ते खातं आणि आंदोंगमध्ये त्याचं नाव निघालं तरी लोक खिडक्या उघडतात. सासूबाई नव्या नवरी असताना माहेरून त्याची एक बरणी घेऊन आल्या होत्या. मामंजींच्या वडिलांनी ती लांब काठीने उचलून ओढ्यापलीकडे ठेवायला लावली होती आणि त्यानंतर वर्षभर ते सुनेच्या हातचं वाढलेलं जेवले नव्हते. तेव्हापासून पे घराण्यात तो विषय बंद होता.

"हे काय आहे?" मामंजींनी विचारलं.

"पेटी बदललेली दिसतेय, मामंजी. दक्षिणेकडची आलीय. मी आत्ता फोन करते त्यांना." फोन लागेना. सणाच्या दिवशी सगळ्या देशाच्याच पेट्या बदलल्या असाव्यात.

"मी बाजारात जाऊन ऑक्टोपस घेऊन येतो," तेसिक जोडे शोधत म्हणाला.

"बाजार बंद असेल," मामंजी म्हणाले.

"आत्ता खिडकीतून उघडा दिसतोय, बाबा."

"मिळाला तरी उकडायला वेळ लागेल. आजोबा येऊन ताटकळत बसतील. त्यांना ताटकळायची सवय नाही." मामंजींनी खोल उसासा सोडला. "आलंय ते मांडा. हा अपमान गिळायचा की नाही ते आता पूर्वजच ठरवतील. आणि त्यांनी नाही म्हटलं तर सूनबाई, आपलं बोलणं झालंय ते लक्षात आहे ना?"

मिरानच्या लक्षात होतं. तिच्या डोळ्यांसमोर पुढची वीस वर्षं तव्यावर तडतडत होती. तिने पान मांडलं, मेणबत्त्या लावल्या, आणि पूर्वजांना आत यायला दार किलकिलं करून ठेवलं. मामंजींनी तांदळाची दारू ओतली. सगळ्यांनी डोकं जमिनीला टेकवून नमस्कार केले. नमस्काराला वाकलं की नाक नेमकं पाकटाच्या उंचीवर येत होतं, त्यामुळे नमस्कार इतर वर्षांपेक्षा भराभर झाले.

यानंतर पे घराण्याची एक खास रीत असते. पूर्वज जेवायला बसले की घरच्यांनी बाहेर जायचं आणि दार ओढून घ्यायचं. कुणी टक लावून बघत बसलं तर जिवंत माणसाच्याही घशाखाली घास उतरत नाही, मग मेलेल्यांचं काय! थोड्या वेळाने घरच्या कर्त्याने दाराशी उभं राहून तीनदा खाकरायचं आणि मग आत जायचं. चुसोकला हे इतर घरांनी कधीच सोडून दिलं, पण मामंजी सोडणाऱ्यांपैकी नव्हते. ते अंगातला सणाचा हानबोक सावरत बाहेर पडले, पाठोपाठ तेसिक, सोरा, आणि शेवटी मिरान. तिने दार अदबीने ओढून घेतलं.

आंदोंगच्या घराचं दार कागदाचं. या दाराला मात्र स्वतःची अक्कल होती. ते 'टिटिटिट' असं वाजलं आणि बंद झालं.

"किल्लीचं कार्ड कुणाकडे आहे?" मिरानने विचारलं.

"भिंतीतल्या खाचेत. नाहीतर दिवे लागत नाहीत," तेसिक म्हणाला.

"आणि फोन?"

फोनही आत होते. जोडे आत होते. मेणबत्त्याही आत होत्या, आणि त्या पेटलेल्या होत्या. चौघं जण पायमोज्यांवर, सणाच्या रेशमी कपड्यांत, सातव्या मजल्यावरच्या गालिच्यावर उभे होते.

"आजी कुठंय?" सोराने विचारलं.

"खाली समुद्रावर गेली असेल," मामंजी म्हणाले. "काल संध्याकाळपासून तेच चाललंय तिचं."

तेसिक पायमोज्यांवरच खाली काउंटरकडे धावला. एवढ्यात समोरचं दार उघडून एका जाड्या गृहस्थांनी नाक बाहेर काढलं आणि हवा अशी ओढून घेतली, की त्यांचे डोळेच ओले झाले.

"मोकपोचे का तुम्ही?" त्यांनी प्रेमाने विचारलं.

"आंदोंगचे," मामंजी ताठ होत म्हणाले.

"मग हा वास?"

"कंपनीची चूक."

"चूक असली तरी माल पहिल्या दर्जाचा आहे हो," गृहस्थ म्हणाले, आणि दार लोटून न घेता आत गेले.

बराच वेळ झाला तरी तेसिक वर येईना. मिरानला बंद दारामागे मेणबत्ती पडलेली, पडदा पेटलेला आणि सातवा मजला खाक झालेला दिसू लागला. मामंजींना मात्र रीतीची काळजी. जेवणं आटोपायची वेळ झाली होती. ते दाराशी गेले, बाही सारखी केली आणि तीनदा खाकरले.

आतून कुणीतरी खाकरलं.

मामंजी जागच्या जागी थिजले. सोराने आईचा दंड घट्ट पकडला. मिरानच्या मात्र अंगावर काटा आला नाही, कारण ते खाकरणं तिने वीस वर्षं रोज पहाटे ऐकलं होतं. नमस्कार होताच सासूबाई न्हाणीघरात गेल्या असणार. सगळे बाहेर पडले तेव्हा त्यांना कुणी मोजलंच नव्हतं.

ती तोंड उघडणार तोच मामंजींनी दोन्ही हात जोडून दाराशी वाकून विचारलं, "पान रुचलं का?"

आतून एकदा खाकरणं ऐकू आलं. भरल्या तोंडाचं.

"जागा पसंत आहे?"

पुन्हा एकदा खाकरणं.

मिरानने ओठ मिटून घेतले. आता बोलणं म्हणजे आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं होतं.

"मग पुढच्या वर्षी," मामंजी सावकाश म्हणाले, "पान आपल्या घरीच मांडायचं का?"

आत सामसूम. मिरानने कान दाराला लावला. ताटलीवर चॉपस्टिक आपटल्याचा बारीक आवाज आला आणि मग पुन्हा काहीच नाही.

"का असंच कुठेतरी बाहेर?"

यावर आतून खोकल्याची अशी काही उबळ आली, की समोरच्या गृहस्थांनी पुन्हा दारातून डोकावून बघितलं. मुरलेल्या पाकटाचा झणका नाकात चढला की माणूस असाच खोकतो.

"ऐकलंस ना, सूनबाई?" मामंजी कमरेत ताठ होत म्हणाले. "पूर्वजांनी निकाल दिला. माझा नाइलाज आहे."

तेवढ्यात तेसिक काउंटरवरच्या बाईंना घेऊन आला. दार उघडलं. मेणबत्त्या शहाण्यासारख्या जळत होत्या. सासूबाई पानापासून हातभर लांब भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि मानाच्या ताटात पाकटाचे दोनतीन तुकडे उरले होते.

"मी न्हाणीघरात होते," त्या म्हणाल्या. "हाक मारलीत का कुणी?"

"बाबा, हे ताट," तेसिक म्हणू लागला.

"आजोबांनी संपवलं," मामंजी मोठ्यांदा म्हणाले. मग त्यांनी बाहीतला रुमाल काढून बायकोपुढे धरला आणि हळूच म्हणाले, "तोंड पूस. ओठाला तिखट लागलंय."

दुपारी सगळे किनाऱ्यावर गेल्यावर मिरानने गॅलरीतून पुन्हा कंपनीला फोन लावला. निकाल आपल्या बाजूने लागला होता, तरी पैसे मोजून पेटी चुकीची आली होती, आणि ती गोष्ट तशीच सोडून देणारी बाई नव्हती ती.

"सातशे बारा? पे यांची पेटी?" पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली. "हो ताई, आमचीच चूक झाली. अगदी मनापासून माफी मागते. तसंच म्हणायला सांगितलंय."

"म्हणजे? कुणी सांगितलंय?"

मग मुलगी रडवेली होत म्हणाली, "ताई, मी नवीन आहे हो. एका आजोबांचा फोन होता. आंदोंगची पेटी रद्द करा, पाकटाची पाठवा, चांगलं मुरलेलं, आणि सूनबाईंचा फोन आला तर चूक झाली म्हणा, असं म्हणाले. मी विचारलं, असं का आजोबा? तर म्हणाले, 'आमच्या घरात तिने पन्नास वर्षं ते तोंडात घातलेलं नाही. माझ्या वडिलांसमोर मला ते आपणहून मागवता येत नाही. चुकून आलं तर त्यांनाही काही बोलता येणार नाही.' ताई, माझी तक्रार नाही ना करणार?"

हाच माणूस सकाळी अपमान गिळत होता, बाजार उघडा असून बंद म्हणत होता, आणि आपण वेड्यासारखं पुढच्या वीस वर्षांचा तवा डोळ्यांपुढे आणत होतो. तिला त्यांचा राग आला, हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही आलं. आता तिला तक्रार करायची नव्हती. तिने त्या मुलीला दुसरंच काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवून ती खाली गेली.

मामंजी आणि सासूबाई बाकावर शेजारी शेजारी बसले होते. वाऱ्याची दिशा बदलली तरी सासूबाईंच्या बाजूने पाकटाचा वास येतच होता, आणि मामंजी तिथून हलले नव्हते.

"लागला का फोन?" त्यांनी समुद्राकडे बघत विचारलं.

"लागला, मामंजी. चूक कबूल केली त्यांनी."

"झाडलंस ना चांगलं?"

"झाडलं तर! म्हटलं, पुढच्या वर्षी अगदी हीच चूक करायची. आणि ताट जरा मोठं पाठवायचं, यंदाचं आजोबांना पुरलं नाही."

मामंजींचे कान लाल झाले. ते समुद्राकडे असे एकटक बघू लागले, जणू तिथून कुणी ओळखीचं येणार होतं.

"पण पुढच्या वर्षी पेटी पाठवायची कुठे?" मिरानने विचारलं.

"ते पूर्वजांना विचारावं लागेल," मामंजी पुटपुटले.

"मी विचारलं," सासूबाई मांडीवरची वाळू झटकत म्हणाल्या. "दार बंद होतं तेव्हा वेळच वेळ होता. ते म्हणाले, जेजू बेटावर. विमानाने."

मामंजींनी यावर हरकत घेतली नाही. जेजूला खिडकीची सीट मिळते का, एवढंच त्यांनी सोराला फोनवर बघायला सांगितलं.